तुम्ही विचारलंत म्हणून: औषध सुरक्षित आहे हे संगणक सांगेल का?

नव्या औषधांचे रेणू तपासायचं माझं काम कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. आता औषधं संगणकच शोधणार का, आणि ती सुरक्षित आहेत हेही तोच सांगणार का?

पहिल्याचं उत्तर लवकर देऊन टाकते. संगणक लाखो रेणू चाळतो आणि आजाराशी संबंधित प्रथिनावर बसतील असे थोडेसे निवडून देतो. ते प्रयोगशाळेत बनवून तपासावेच लागतात. २०२० मध्ये अल्फाफोल्ड या संगणक प्रणालीने प्रथिनांचे आकार अचूक वर्तवून दाखवल्यापासून रेणू निवडायचं काम सोपं झालंय. पण प्रथिनाला चिकटला म्हणून रेणूचं औषध होत नाही. तो शरीरात आणखी कुठे कुठे चिकटेल, हे शोधण्यातच माझा बहुतेक वेळ जातो.

टर्फेनाडिनचं बघा. ॲलर्जीवरची ही गोळी अमेरिकेत १९८५ मध्ये आली. झोप आणत नाही म्हणून लोकांना आवडली. ती घेतली की यकृतातलं सीवायपी३ए४ हे विकर (एन्झाइम) तिचं जवळजवळ सगळं रूपांतर दुसऱ्या रेणूत करायचं, आणि ॲलर्जीवर गुण यायचा तो मुख्यतः त्या दुसऱ्या रेणूने. सोबत बुरशीवरचं कीटोकोनॅझोल किंवा एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक घेतलं, की हे विकर अडायचं आणि मूळ टर्फेनाडिन रक्तात साठायचं. तिथून ते हृदयाच्या पेशींतल्या 'हर्ग' नावाच्या पोटॅशियम वाहिनीत, म्हणजे पेशीतून पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या दारात, जाऊन बसायचं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पूर्ववत व्हायला ही वाहिनी लागते. ती अडली की ईसीजीवरचं क्यूटी अंतर, म्हणजे ठोका सुरू होऊन हृदय पूर्ववत होईपर्यंतचा वेळ, वाढतं आणि ठोके जीवघेणे बिघडू शकतात. काही रुग्ण त्यात दगावले.

दोन्ही रेणूंत फरक किती? टर्फेनाडिनच्या एका टोकाला तीन मिथाइल गट आहेत, त्यातल्या एकाच्या जागी यकृत कार्बोक्झिलिक आम्लाचा गट आणतं. बाकी सगळं तेच. पण त्या आम्लामुळे ऋणभार येतो आणि रेणू हर्गच्या पोकळीत पूर्वीसारखा टिकत नाही. ॲलर्जीवरचा गुण मात्र कायम राहतो! हाच रेणू १९९६ मध्ये फेक्सोफेनाडिन म्हणून मंजूर झाला, आणि १९९८ मध्ये टर्फेनाडिन अमेरिकेच्या बाजारातून गेलं. रसायनशास्त्रात मला याहून सुंदर गोष्ट माहीत नाही.

आज रेणू कागदावर असतानाच तो हर्गला अडवेल का, याचा अंदाज संगणकावरच्या मॉडेलने काढतात. रेणू तेलकट असेल, धनभार घेणारा नायट्रोजन असेल, बेंझिनसारखी कडी असतील, तर मॉडेल धोक्याचा शेरा मारतं. तेवढ्यावरून रेणू टाकून देणं मात्र मला पटत नाही. रक्तदाबावरचं व्हेरापामिल हर्गला चांगलंच अडवतं, तरी त्याने असे ठोके क्वचितच बिघडतात, कारण ते कॅल्शियमची वाहिनीही अडवतं आणि एक परिणाम दुसऱ्याला सावरून घेतो. फक्त हर्ग बघणाऱ्या मॉडेलने हे औषध केव्हाच बाद केलं असतं. म्हणून औषधांनी ठोके बिघडायचा धोका तपासण्यासाठी २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'सीपा' या उपक्रमात हृदयपेशीचं गणिती प्रारूप घेऊन अनेक वाहिन्या एकत्र तपासायचा मार्ग धरला गेला. मला तोच योग्य वाटतो.

तर हृदयाबाबत संगणक बऱ्यापैकी सावध करतो. यकृताचं तसं नाही. मधुमेहावरचं ट्रोग्लिटाझोन अमेरिकेत १९९७ मध्ये आलं आणि थोड्या रुग्णांची यकृतं निकामी झाल्यावर २००० मध्ये मागे घेतलं गेलं. अशी इजा हजारोंत एखाद्याला होते आणि ती कोणाला होईल हे त्या माणसाच्या शरीरावरही अवलंबून असतं. काही हजार जणांच्या चाचणीत ती दिसेलच असं नाही. त्यामुळे मॉडेलला शिकायला उदाहरणंच मोजकी मिळतात. त्यातली बरीचशी औषध बाजारात आल्यानंतरच्या नोंदींतून येतात. देशोदेशीच्या या नोंदी स्वीडनमधल्या उप्साला इथल्या केंद्रात जमा होतात.

म्हणून नवी गोळी सुरू केल्यावर डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर लगेच डॉक्टरांकडे जा. सोबत घेत असलेलं प्रत्येक औषध त्यांना सांगा, आणि दुष्परिणामाची रीतसर नोंद करायला सांगा.