हमवीचे टायर पिकअपला बसतील का?

अमेरिकेत पिकअप बाळगणाऱ्या मराठी मंडळींचा एक प्रश्न हमखास असतो: गाडी सहा इंचांनी उंच करणारी लिफ्ट आधीच केलेली आहे, हमवीचे, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या जीपवजा गाडीचे, मोडीतले 37 इंची टायर रिमसकट स्वस्तात मिळतायत, घ्यावेत का? घ्यायला हरकत नाही, पण टायर उंचीला मावेल की नाही याची चिंता सर्वांत शेवटी करा. आधी रिम बघा. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

टायरवर 37x12.50R16.5 असं लिहिलेलं असतं. 37 इंच उंची, साडेबारा इंच रुंदी आणि साडेसोळाचा रिम. हा वरचा अर्धा इंच फार महत्त्वाचा आहे. सोळाच्या रिमवर टायरची कडा, म्हणजे बीड, जिथे बसते तिथला उतार 5 अंशांचा असतो. साडेसोळाच्या रिमवर तो 15 अंशांचा असतो. त्यामुळे हमवीचा टायर तुमच्या जुन्या सोळाच्या किंवा सतराच्या रिमवर कधीच बसणार नाही. उलटा प्रकार तर जीवघेणा आहे. सोळाचा टायर साडेसोळाच्या रिमवर सरकून चढतो, पण बीड जागेवर बसत नाही. बसत नाही म्हणून माणूस आणखी हवा मारतो, बीडमधली तार तुटते आणि टायर तोंडावर फुटतो. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये निकाल दिलेला एक गाजलेला खटला नेमका अशाच स्फोटाचा होता, आणि त्या टायरवर तसं न करण्याची सूचना छापलेली होती. म्हणून हमवीचा टायर घ्याल तर त्याच्या रिमसकटच घ्या.

हा रिम दोन तुकड्यांचा असतो. चाक गाडीला धरणारे आठ नट आतल्या बाजूला, आणि रिमचे दोन भाग एकमेकांना धरणारे नट बाहेरच्या कड्यावर. जुन्या रिमला 12, नंतरच्या रिमला 24. आत हवा असताना बाहेरच्या नटांना पाना लावायचा नाही, एकालाही नाही. आधी वॉल्व्हची पिन काढा, हवेचा आवाज थांबू द्या, मग वॉल्व्हच्या भोकातून पातळ तार आत घालून बघा. कधीकधी चिखलाने किंवा गंजाने भोक बुजलेलं असतं. आवाज थांबतो, हवा मात्र आतच राहते. तार आरपार गेली, तरच नट सैल करा.

आत रनफ्लॅट सापडेल. गोळी लागून हवा गेली तरी गाडी चालत राहावी म्हणून बसवलेलं ते जाड कडं. रबरी असेल तर तो ठेवा. जड आहे, पण तो दोन्ही बीड बाहेरच्या बाजूला दाबून धरतो. साडेसोळाच्या रिमला बीड अडवणारा उंचवटा नसतो, त्यामुळे रनफ्लॅट काढून टाकला आणि वाळूत हवा कमी केली की टायर रिमवरून निसटतो. जुन्या संचांत मॅग्नेशियमचा रनफ्लॅट निघतो. त्याला ग्राइंडर किंवा वेल्डिंग लावू नका. मॅग्नेशियमला आग लागली तर ती पाण्याने विझत नाही, उलट भडकते.

परत जोडताना दोन्ही भागांचा गंज घासून काढा, मधली ओ-रिंग नवी घाला, बीडला टायरवाल्याकडचं वंगण लावा, नट नवे वापरा. नट समोरासमोरच्या जोड्यांनी, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. शेवटचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, लष्कराच्या मॅन्युअलमध्ये तुमच्या रिमच्या प्रकारासाठी दिलाय तेवढाच. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात, नळी लांब, आणि तुम्ही बाजूला उभे.

आता हे चाक गाडीला लागेल का? हमवीची जुळणी 8 बोल्ट, साडेसहा इंच व्यासाच्या वर्तुळावर, म्हणजे 165.1 मिलिमीटर. जीएमच्या 2010 पर्यंतच्या पाऊण टनी आणि एक टनी पिकअप, फोर्डच्या 1997 पर्यंतच्या आठ बोल्टांच्या एफ-250 आणि एफ-350, आणि एकेरी मागच्या चाकांच्या रॅम 2500 यांच्याशी ती जुळते. फोर्ड सुपर ड्यूटी 1999 पासून 170 मिलिमीटरवर गेली, जीएम 2011 पासून 180 वर. पाच मिलिमीटरच तर आहेत म्हणून भोकं घासून चाक बसवणं हा वेडेपणा आहे.

बोल्ट जुळले तरी खरी अडचण पुढे आहे. हमवीच्या चाकाची बॅकस्पेसिंग, म्हणजे चाक हबला टेकतं तिथपासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर, सुमारे 7 इंच असते, कारण तिथे गियर असलेला हब रिमच्या आत शिरतो. पिकअपच्या मोठ्या टायरसाठी विकले जाणारे रिम साधारण साडेचार इंचांचे असतात. म्हणजे हमवीचं चाक त्यांच्यापेक्षा अडीच इंच आत जाऊन स्प्रिंगच्या पाट्यांना, स्टिअरिंगच्या दांड्याला किंवा फ्रेमला घासतं. यावर दोन उपाय. पहिला, मधली तबकडी कापून साडेचारच्या मापाला पुन्हा वेल्ड केलेले रिम. ते चांगल्या कारखान्यातूनच घ्यावेत. दुसरा, हबवर नीट बसणारे, चाक बाहेर ढकलणारे दोन इंची स्पेसर. स्पेसर लावले तर पहिल्या 50 मैलांनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासायचे, हे चुकवू नका.

एवढं झाल्यावर लिफ्टचा विचार करा. लिफ्ट फक्त चाकाला जागा करून देते. ॲक्सल जमिनीपासून वर उचलतो तो टायरच. जागा तपासायची ती सपाट जमिनीवर गाडी उभी करून नव्हे. पुढचं एक चाक रॅम्पवर चढवा, ते मडगार्डच्या पोटात पूर्ण शिरू द्या आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. घासतं ते मडगार्डच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात, बंपरच्या टोकाला आणि ॲक्सलला फ्रेमशी जोडणाऱ्या रेडियस आर्मला. चाकाची वरची चाल अडवणारा बंप स्टॉप लांब करा, चाकाचं वळणं अडवणारा स्टिअरिंग स्टॉप थोडा बाहेर घ्या. पत्रा कापायचा तो त्यानंतर.

गियर बदलण्याचा खर्च टाळता येत नाही. 265/75R16 टायर साधारण 31.6 इंचांचा, त्याजागी 37 इंची आला की सगळं 1.17 पटीने बदलतं. स्पीडोमीटर 60 मैल दाखवतो तेव्हा गाडी 70 ने धावत असते. ॲक्सलमधला 3.73 गुणोत्तराचा गियर 3.19 सारखा वागतो, इंजिन धापा टाकतं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापतो. पूर्वीसारखी ओढ हवी तर हिशेब 4.36 चा येतो. चाकाचं जादा वजन धरून 4.56 घ्यावा, आणि पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलना तोच. एका ॲक्सलला वेगळा राहिला तर फोर-व्हील लावल्यावर दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस मोडते. ब्रेकचंही तेच: पेडल तेवढंच दाबलं तर रस्त्यावर पोचणारा जोर सुमारे 15 टक्क्यांनी घटतो. जुने पॅड आणि जुन्या रबरी नळ्या ठेवून हे टायर लावू नयेत.

टायर निवडताना डॉटच्या, म्हणजे अमेरिकी वाहतूक खात्याच्या, खुणेतली चार आकडी तारीख वाचा. 2314 म्हणजे 2014 चा तेविसावा आठवडा. मोडीतल्या टायरची नक्षी कोरी करकरीत दिसते आणि बाजूला भेगा असतात, कारण तो वर्षानुवर्षं उन्हात उभा असतो. डॉटची खूणच नसेल तर तो रस्त्यासाठी घेऊ नका. वेगाचं अक्षरही पाहा: जी म्हणजे ताशी 90 किलोमीटर, के म्हणजे 110. महामार्गावर जीचा टायर 75 मैलांनी पळवला तर तो तापून फाटतो. लष्करी ट्रकचा 395/85R20 तर 46 इंचांच्या पुढे जातो. त्याला अडीच टनी ट्रकचे ॲक्सलच लागतात, आणि ती वेगळीच गाडी होते.

पुण्या-मुंबईहून विचारणाऱ्यांसाठी: हायलक्स आणि व्ही-क्रॉस सहा बोल्टांच्या, त्यामुळे हे चाक बसत नाहीच. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ नोंदीपासून गाडी बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं.

शेवटी हवा. बाजूवर छापलेला आकडा पूर्ण भारासाठी असतो. रिकाम्या पिकअपला तो जास्त होतो. 35 पीएसआयने सुरुवात करा, टायरच्या तळव्यावर आडवी जाड खडूची रेघ ओढा, कोरड्या डांबरावर शंभर मीटर सरळ जाऊन बघा. रेघ मध्येच पुसली तर हवा कमी करा, कडांना पुसली तर वाढवा, सारखी पुसली की तो आकडा लिहून ठेवा. पुढच्या चाकांचा आकडा वेगळा येईल, कारण इंजिन तिकडे आहे.