मींड घेऊ देणारे सिंथेसायझर

संगीतकारांच्या लाडक्या हार्डवेअर सिंथेसायझरांचा, म्हणजे विजेवर आवाज घडवणाऱ्या खऱ्याखुऱ्या यंत्रांचा, विषय निघाला की ठरलेली नावे पुढे येतात: मिनिमूग, प्रॉफेट-५, ज्युपिटर-८, सीएस-८०, डीएक्स-७, टीबी-३०३. कारणेही ठरलेलीच असतात. कुणाला मूगच्या फिल्टरमधून येणारा भरदार खर्ज आवडतो, कुणाला ज्युपिटरचा पसरट, रेशमी आवाज. ही कारणे खोटी नाहीत. पण प्रश्न केवळ आवाजाचा असता, तर त्याच यंत्रांची बऱ्यापैकी हुबेहूब नक्कल करणारी सॉफ्टवेअर मिळत असताना जुन्या, कुरकुरणाऱ्या यंत्रांसाठी लाखो रुपये मोजायला कुणी तयार झाले नसते. माझे मत असे, की वादकाचा जीव ज्या सिंथेसायझरवर जडतो, त्यात बहुतेक वेळा दोन सुरांच्या मधल्या जागेत हात घालण्याची काहीतरी सोय असते. हिंदुस्थानी संगीतावर कान पोसलेल्या माणसाला ती सोय आधी दिसते, आणि म्हणून मी ही यादी नेहमी मींडेच्या, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्याच्या, अंगाने वाचतो.

पट्ट्यांच्या वाद्यांविषयीचा हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. पेटीवर एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाता येत नाही आणि पट्टीचा सूर आधीच पक्का केलेला असल्यामुळे रागाप्रमाणे श्रुती, म्हणजे सुराची बारीक उंची, बदलता येत नाही, हे आक्षेप घेऊन १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी त्याच पेटीला एकल वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली होती, हेही खरे. परंतु त्यांची मींड म्हणजे जलद कणस्वरांनी (मुख्य सुराआधी निसटत्या शिवलेल्या सुरांनी) आणि भात्याच्या दाबाने निर्माण केलेला मींडेचा आभासच होता. विजेच्या वाद्यांकडे मुंबईचे वादक इतक्या लवकर वळले, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. १९५४च्या ‘नागिन’ चित्रपटातली ती प्रसिद्ध बीन मुळात बीन नव्हतीच. कल्याणजी वीरजी शहा यांनी ती क्लॅव्हिओलिन या फ्रान्समध्ये जन्मलेल्या, एका वेळी एकच सूर देणाऱ्या छोट्या वाद्यावर वाजवली होती.

मिनिमूग आला तो १९७० साली. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग या लहानशा गावात रॉबर्ट मूग यांची कंपनी होती आणि तिथले अभियंते बिल हेम्सॅथ यांनी सुटे भाग जुळवून त्याचा पहिला नमुना तयार केला. त्याआधीचे मूग म्हणजे भिंतभर कपाटे आणि तारांचे जंजाळ. ते स्टुडिओतून बाहेर काढणे हाच एक उद्योग होता. मिनिमूगमध्ये सूर निर्माण करणारे तीन ऑसिलेटर, त्याचा पोत बदलणारा एक फिल्टर आणि चव्वेचाळीस पट्ट्या एका उचलता येण्याजोग्या लाकडी खोक्यात बसल्या. तारा जोडण्याची कटकट गेली आणि वाद्य रंगमंचावर आले. माझ्या दृष्टीने मात्र त्याचा खरा जीव पट्ट्यांच्या डाव्या अंगाला असलेल्या दोन चाकांत आहे. त्यांपैकी पहिले चाक सूर वर-खाली वाकवते, दुसरे कंप घालते.

या पहिल्या चाकाकडे जरा जवळून पाहिले पाहिजे. आजच्या बहुतेक कीबोर्डांवर ते स्प्रिंगचे असते, म्हणजे बोट सोडले की चाक आपण होऊन मध्यावर परतते. मूळ मिनिमूगच्या चाकाला स्प्रिंग नाही. ते जिथे सोडाल तिथेच राहते. २०२२ साली मूग कंपनीने हे वाद्य पुन्हा बाजारात आणले तेव्हा चाकाला स्प्रिंग बसवली आणि ती सुधारणा म्हणून सांगितली. पाश्चात्त्य वादकाला ती सुधारणा वाटणे स्वाभाविक आहे, कारण त्याला सूर क्षणभर वाकवून पुन्हा सरळ करायचा असतो. आपले तसे नाही. भूप रागातली गंधारावरून पंचमावर जाणारी मींड घ्या. गंधाराची पट्टी दाबून डाव्या हाताने चाक सावकाश पुढे न्यायचे आणि पंचमावर पोचल्यावर तिथे विसावायचे. स्प्रिंग असेल, तर त्या विसाव्याच्या वेळी अंगठा तिच्याशी झगडत बसतो आणि पंचम किंचित डळमळतो. उलट्या बाजूने, म्हणजे चाक आधीच मागे ओढून पंचमाची पट्टी दाबली आणि मग चाक सोडून दिले, तर सूर पंचमावर अचूक येतो खरा, पण तो स्प्रिंगच्या गतीने येतो. मींडेची गती वादकाने ठरवायची असते, आणि ती प्रत्येक वेळी वेगळी असते.

याला जोडून आणखी एक अडचण येते. बहुतेक वाद्यांवर चाकाची मर्यादा वर आणि खाली दोन-दोन अर्धस्वरांची (अर्धस्वर म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर) ठेवलेली असते, आणि गंधारापासून पंचम तीन अर्धस्वरांवर आहे. मर्यादा तीनवर नेली की चाक टोकाला टेकते तिथे पंचम आपोआप मिळतो, ही मोठी सोय. पण मर्यादा जसजशी वाढवावी तसतसे चाक अधिक तापट होते आणि अंगठ्याच्या जेवढ्या हालचालीत पूर्वी श्रुतीचा फरक पडत असे, तेवढ्यातच आता सूर कुठच्या कुठे जातो. मोठी मींड आणि बारीक आंदोलन, म्हणजे सुराचे सावकाश झुलणे, यांपैकी एकाची निवड करावी लागते, आणि मैफलीच्या मध्यात मेन्यू उघडून आकडे बदलणे काही कुणाला शोभत नाही. दुसऱ्या, म्हणजे कंपाच्या चाकाविषयी बोलायलाच नको. त्याने येणारा कंप घड्याळाच्या नियमाने चालतो. दरबारी रागाचा कोमल गंधार त्यावर वाजवला, तर तो खराब चोक असलेल्या ट्यूबलाइटसारखा फडफडतो. आंदोलन हातानेच, पहिल्या चाकावर घ्यावे लागते.

हे हाताचे काम किती पुढे नेता येते, हे दाखवणारा वादक म्हणजे यान हामर. प्राग शहरात जन्मलेल्या या वादकाने महाविष्णु ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक गटात जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या गिटारसमोर आणि जेरी गुडमन यांच्या व्हायोलिनसमोर मिनिमूग असा वाजवला, की तिघांची सवाल-जबाबासारखी झटापट चालू असताना कोणता तुकडा तारेवरचा आणि कोणता चाकावरचा हे चटकन सांगता येत नाही. आपल्याकडे केर्सी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत मिनिमूग आणला. वडील कावस आणि भाऊ बुर्जोर हे दोघेही तालवाद्यांतले नावाजलेले वादक, आणि केर्सी अकॉर्डियनपासून ग्लॉकनस्पीलपर्यंत सगळे वाजवणारे. त्यामुळे नव्या यंत्राकडे त्यांनी गंमत म्हणून न पाहता वाद्य म्हणून पाहिले, हे त्यांच्या पिढीच्या ध्वनिमुद्रणांत जाणवते.

१९७८च्या प्रॉफेट-५ने एका वेळी पाच सूर दिले आणि तयार केलेले चाळीस आवाज स्मृतीत साठवण्याची सोय केली. डेव्ह स्मिथ यांचे हे काम मोठेच होते. एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात जाताना बटणे फिरवत बसण्याचा काळ त्याने संपवला. पण अनेक सूर आले आणि चाकाची पंचाईत झाली, कारण चाक फिरवले की दाबलेले सगळेच सूर एकत्र वाकतात. याच डेव्ह स्मिथ यांनी रोलँड या जपानी कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांच्यासह मिडी ही यंत्रांची सामाईक भाषा घडवली आणि जानेवारी १९८३मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ ही दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू लागली. त्या भाषेतही सूर वाकवण्याची आज्ञा संपूर्ण चॅनेलला, म्हणजे त्या वाहिनीवरच्या सगळ्या सुरांना, लागू होते, एकेका सुराला नाही. षड्ज धरून ठेवून वर गंधाराची मींड घ्यायची म्हटले, तर षड्जही बरोबर निघाला. ज्या संगीतात तंबोरा स्थिर असणे ही पहिली अट, तिथे ही उणीव लहान नव्हे.

यामाहाचा सीएस-८० याच सुमाराचा, आणि माझ्या मते या यादीतला सर्वांत मानी. वजन शंभर किलोच्या आसपास. तो हलवायचा म्हणजे माणसे बोलवावी लागत, आणि हलवला की सूर उतरे. त्यावर एका वेळी आठ सूर मिळत आणि पट्टी दाबल्यानंतर बोटाचा दाब वाढवला, तर त्या एकट्या पट्टीचाच आवाज फुले, बाकीच्यांचा नाही. आज इतक्या वर्षांनीही ही सोय फार थोड्या कीबोर्डांवर आढळते. शिवाय पट्ट्यांच्या वरच्या बाजूला एक लांब मखमली पट्टा आहे. त्यावर बोट कुठेही टेकवा, टेकवलेली जागा हाच मूळ सूर समजला जातो आणि तिथून बोट डावीकडे-उजवीकडे सरकवले की सूर तितका खाली-वर जातो. स्प्रिंग नाही, टोकाची खाच शोधणे नाही; सतारीच्या पडद्यावर तार ओढण्याच्या जवळपास जाणारा हा अनुभव आहे. व्हँगेलिस यांनी १९८२च्या ‘ब्लेड रनर’ या चित्रपटाच्या संगीतात याच वाद्याचा मुक्त वापर केला. त्यातले सूर सुरुवातीला मवाळ येतात, मग दाबाने उजळतात आणि शेवटी किंचित खाली ओघळतात. व्हँगेलिस यांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येत नसे आणि सीएस-८० हे ते आपल्या कारकिर्दीतले सर्वांत महत्त्वाचे सिंथेसायझर मानत. या दोन गोष्टी मला एकमेकींपासून फार दूरच्या वाटत नाहीत.

टीबी-३०३ची गोष्ट अगदी वेगळी, कारण त्यावर हाताने असे काही वाजवलेच जात नाही. रोलँडचे अभियंते तादाओ किकुमोतो यांनी ही चंदेरी डबी १९८१मध्ये बनवली ती एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बास गिटारची साथ मिळावी म्हणून. साथ काही तशी जमली नाही. १९८४मध्ये उत्पादन बंद झाले आणि डब्या जुन्या बाजारात पडेल भावाने विकल्या गेल्या. त्यात सुरांची ओळ आधी भरावी लागते, लय वेगळी भरावी लागते आणि हे काम इतके किचकट आहे, की मनात असलेल्या ओळीपेक्षा भलतीच ओळ पुष्कळदा हाती येते. पण प्रत्येक सुरापुढे ‘स्लाइड’ची खूण करता येते, आणि खूण केलेलाच सूर पुढच्या सुरावर घसरत जातो, बाकीचे सुटे राहतात. साध्या पोर्टामेंटोत, म्हणजे सिंथेसायझरवरच्या नेहमीच्या घसरणीत, प्रत्येक सूर सारखाच घसरतो, तसे कोणताही गायक गात नाही. कुठे घसरायचे आणि कुठे नाही, ही निवड ३०३ने वादकाच्या हाती दिली.

मुंबईत चरणजित सिंग यांच्याकडे हे यंत्र होते, आणि टीआर-८०८ हे तालयंत्र व ज्युपिटर-८सुद्धा. चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षे साथ केलेल्या या वादकाने तिन्ही यंत्रे एका लयीला बांधली आणि १९८२मध्ये भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. एचएमव्हीने काढलेली ती तबकडी फारशी खपली नाही. शिकागोतल्या फ्युचर या गटाने त्याच ३०३च्या गुरगुरत्या आवाजावर ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढून अ‍ॅसिड हाऊस हे क्लबमधले नृत्यसंगीत रूढ केले ते १९८७मध्ये. २०१० साली सिंग यांची तबकडी परदेशात पुन्हा निघाली तेव्हा लोक चकित झाले आणि सिंग यांनी अ‍ॅसिड हाऊस आधीच शोधून काढले होते, असे लिहिले जाऊ लागले. हे म्हणणे मला पटत नाही. शिकागोच्या मुलांनी ती तबकडी ऐकलेली नव्हती आणि सिंग यांच्या डोक्यात क्लब नव्हता. रागाची चौकट मोडायची नाही, षड्ज धरून ठेवायचा आणि खालच्या सुरावळीत घसीट हवी, एवढी गरज असलेल्या माणसाला योग्य यंत्र सापडले. मेघमल्हार नीट ऐका: खाली ३०३ तेच ते आवर्तन घोळवत राहते, आणि वर ज्युपिटरवर राग हळूहळू उलगडत जातो. सिंग २०१५मध्ये गेले. त्याआधी काही वर्षे युरोपात त्यांचे कार्यक्रम झाले, एवढे तरी घडले.

माझ्या या म्हणण्याला यामाहाच्याच डीएक्स-७चा अपवाद आहे, आणि तो मोठा आहे. स्टॅनफर्डचे जॉन चाउनिंग यांच्या शोधावर उभारलेले हे १९८३चे वाद्य दोन लाखांच्या घरात खपले ते त्यातल्या इलेक्ट्रिक पियानोच्या आणि घंटांच्या काचेसारख्या आवाजांमुळे, मींडेमुळे नव्हे. कॉर्ग कंपनीचा १९८८चा एम-१ हा सिंथेसायझरही तसाच. या दोघांविषयी मला आदर आहे, ओढ नाही.

अलीकडच्या वाद्यांत मात्र जुनी भूक पुन्हा दिसते. लिपोल्ड हाकन यांच्या कंटिन्युअम या वाद्याला पट्ट्याच नाहीत. मऊ, सलग पृष्ठभागावर बोट जिथे जाईल तिथला सूर. ए. आर. रहमान यांनी ‘दिल्ली-६’मधल्या ‘रहना तू’च्या अखेरीस ते वाजवले आहे. तिथे मींड घेण्यात काहीच अडचण नाही; अडचण आहे ती सुरात राहण्याची, आणि ती व्हायोलिनवाल्याच्या अडचणीइतकीच जुनी आहे. त्याच हाकन यांचे ध्वनियंत्र पोटात घेऊन एका फ्रेंच कंपनीने काढलेल्या ऑस्मोस या सिंथेसायझरवर नेहमीच्या पट्ट्या आहेत, पण त्या प्रत्येकी कडेला हलतात, त्यामुळे षड्ज स्थिर ठेवून गंधार एकट्याने वाकवता येतो. मिडीची ती जुनी उणीव इथे भरून निघाली. तरीही गंधारावरून पंचमापर्यंत जायचे, तर कडेच्या त्या काही मिलिमीटरांत तीन अर्धस्वर बसवावे लागतात, म्हणजे चाकाच्या मर्यादेचा तोच हिशेब पुन्हा. ज्यांना एवढा खर्च झेपत नाही, असे काही वादक आपल्या साध्या कीबोर्डच्या चाकाची स्प्रिंग काढून घेतात. वॉरंटी जाते आणि मध्य कानाने शोधावा लागतो. पण भूपातला पंचम डळमळत नाही.