तुम्ही विचारलंत म्हणून: घरचे स्निकर्स आणि आरोग्याचा हिशेब

मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला मी चॉकलेटच्या वड्यांचा, म्हणजे घरी केलेल्या स्निकर्स बारचा, डबा नेला की दोन गोष्टी हमखास विचारल्या जातात. हे घरी कसे करता, ही पहिली. दुसरी विचारणा खरे तर प्रश्न नसून निष्कर्षच असतो: "ग्लुटेन नाही, दूध नाही, म्हणजे तब्येतीला चांगलेच असणार ना?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी डब्याचे झाकण लावता लावता देऊ शकते. दुसऱ्याचे तेवढ्या वेळात देता येत नाही, आणि नुसते "हो" म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते आहे.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा सात वर्षांचा असताना त्याचे वजन वाढेना आणि पोटदुखी थांबेना. रक्ताची तपासणी झाली, लहान आतड्याचा सूक्ष्म तुकडा काढून पाहिला गेला आणि सीलिॲक असल्याचे निदान झाले. गहू, बार्ली आणि राय या धान्यांतील ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेले की अशा माणसाची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती त्याच्या आतड्याच्या अस्तरावर उठते, आणि आयुष्यभर ही धान्ये टाळणे एवढाच त्यावर उपाय असतो. स्वयंपाकघरातील लाकडी पोळपाट-लाटणे गेले, मिक्सरची भांडी बदलली, आणि डबीतल्या हिंगातसुद्धा बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते हे ज्ञान मला वयाच्या चाळिशीत प्राप्त झाले. पुढे लेक सोळा वर्षांची झाली आणि तिने दूध, तूप, मध, अंडी यांपैकी काहीही खाणार नाही असे जाहीर केले. एकाचे पथ्य आणि दुसरीचे व्रत, असे दोन्ही एकाच ताटात सांभाळायचे होते.

इतर पदार्थांचे कसेबसे निभावले, कारण भाकरी, पोहे आणि आमटी-भात यांच्या जिवावर मराठी घर दोन्ही नियम फारशी ओढाताण न होता पाळू शकते. खरी अडचण येत असे ती ३१ ऑक्टोबरच्या रात्री. हॅलोविनला दारोदार फिरून आणलेली चॉकलेटांची पिशवी मुले दिवाणखान्यात सतरंजीवर रिकामी करीत आणि मी चष्मा लावून वेष्टने वाचायला बसे. ट्विक्समध्ये बिस्किट आणि किटकॅटमध्ये वेफर, म्हणजे गहू आला. ते दोन्ही लगेच बाजूला निघत. मिल्की वेने मात्र मला पहिल्या वर्षी फसवले. अमेरिकेतील २००४ च्या कायद्याप्रमाणे गहू, दूध, अंडी, शेंगदाणे अशा ठरावीक पदार्थांची नावे वेष्टनावर स्पष्ट द्यावी लागतात, परंतु त्या यादीत बार्ली नाही. त्यामुळे "गहू असलेला पदार्थ" अशी सूचना नसली तरी आत बार्लीचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, असू शकतो, आणि मिल्की वेमध्ये तो असतो. हा बार १९२३ साली मिनियापोलिसमध्ये जन्मला तोच मुळी त्या काळी लोकप्रिय असलेल्या माल्ट घातलेल्या दुधाच्या पेयाची चव बारमध्ये उतरवण्यासाठी, हे पुढे वाचनात आले तेव्हा त्यातील माल्टचा उलगडा झाला. "ग्लुटेनमुक्त" असे लिहिलेल्या पदार्थात मात्र दहा लाख भागांत २० भागांहून कमी ग्लुटेन असलेच पाहिजे, असा इथे नियम आहे, आणि माझा भरवसा त्या शब्दावर आहे.

गंमत अशी, की स्निकर्सच्या घटकांत गहूही नाही आणि बार्लीही नाही, म्हणजे मुलाला त्याची अडचण नव्हती. अडचण लेकीला होती, कारण बाहेर दुधाचे चॉकलेट, मध्ये दुधाचे कॅरामल आणि खाली अंड्याच्या पांढऱ्यातून फुलवलेले नुगा. उलट तिला चालणारे कितीतरी बिस्किटांचे प्रकार त्याला वर्ज्य. दोघांना एकाच ताटलीतून काही उचलता यावे एवढ्यासाठी मी स्निकर्सची फोड करायला घेतली. तेव्हा आरोग्याचा विचार माझ्या डोक्यात नव्हता, हे आधीच कबूल करते.

सर्वांत जास्त छळले ते नुगाने. छोले शिजवल्यावर उरलेले दाट पाणी फेटले की त्याचा अंड्याच्या पांढऱ्यासारखा शुभ्र फेस होतो, हे २०१४-१५ च्या सुमारास व्हीगन, म्हणजे लेकीसारखे प्राणिजन्य काहीच न खाणाऱ्या, मंडळींमध्ये माहीत झाले आणि अनेकांनी त्याचे सोने केले. मीही फेस केला. तो इतका सुंदर झाला की सासूबाई, ज्या तेव्हा साताऱ्याहून आलेल्या होत्या, भांडे उलटे धरून पाहू लागल्या. मग मी त्यावर साखरेचा उकळता पाक धरला आणि तो फेस पाहता पाहता बसला. खाली उरले ते छोल्यांच्या वासाचे गोड पाणी. तीन वेळा हेच झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्या परक्या थराच्या नादी कशाला लागतेस? राजगिऱ्याची वडी घाल की तिथं."

त्या एका वाक्याने माझे काम झाले. उपासाच्या पदार्थांची यादी नीट पाहिली तर राजगिरा, वरी, साबुदाणा, शिंगाडा, शेंगदाणे, खजूर, खोबरे यांत कुठेच ग्लुटेन नाही. आमच्या आज्या ज्याला एकादशी म्हणत त्यात माझ्या मुलाचे पथ्य आपोआप पाळले जात होते. फक्त आमच्या इथल्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानातून राजगिऱ्याच्या लाह्यांचे आयते पाकीट आणून चालत नाही. धान्य मुळात निर्दोष असले तरी ज्या कारखान्यात ते भरले जाते किंवा ज्या गिरणीत दळले जाते तिथे आदल्या क्षणी गहू असू शकतो. त्यामुळे मी ग्लुटेनमुक्त असे छापलेला राजगिरा आणते आणि लाह्या घरीच फोडते. कढई चांगली तापवायची, एका वेळी एकच चमचा दाणे टाकायचे आणि फडक्याच्या पुरचुंडीने भराभर हलवायचे. दहाएक सेकंदांत ते पांढरे फुलतात आणि क्षणभर दुर्लक्ष झाले तर जळतात.

माझे प्रमाण असे आहे. तळाच्या थरासाठी ६० ग्रॅम लाह्या, ६० ग्रॅम शेंगदाण्याचे लोणी आणि ४० ग्रॅम मेपल सिरप एकत्र मळून चौकोनी साच्यात घट्ट थापावे. वरच्या थरासाठी २०० ग्रॅम बिनबियांचा मऊ खजूर दहा मिनिटे गरम पाण्यात ठेवून, पाणी पूर्ण निथळून, ४० ग्रॅम शेंगदाण्याचे लोणी आणि दोन चिमटी मीठ घालून मिक्सरमधून गुळगुळीत वाटावा. मीठ विसरू नये, कारण त्याच्याविना तो खजुराचा लाडूच लागतो. पाणी राहिले तर थर ओला राहतो आणि पुढे चॉकलेट त्यावरून सुटून येते. त्यावर १५० ग्रॅम भाजून सोललेले शेंगदाणे पसरून हाताने दाबावेत, साचा दोन तास फ्रीजमध्ये ठेवावा आणि मग सोळा तुकडे पाडावेत. फ्रीजरमध्ये दगड करू नये. फार थंड तुकड्यावर चढवलेले चॉकलेट घट्ट होताना तडकते.

या खजुराच्या थराला सगळीकडे कॅरामल म्हणतात, पण ते कॅरामल नव्हे. त्याला तार येत नाही आणि साखर करपण्याच्या उंबरठ्यावर जो कडूगोड वास सुटतो तोही त्यात नसतो. तो हवाच असेल तर नारळाचे दाट दूध आणि गूळ गोळीबंद पाकापर्यंत आटवावे लागते. वर्षातून एकदा मी ते करते, आणि तेव्हा आरोग्याचे नाव काढत नाही, कारण गूळ हीही मुख्यतः साखरच आहे.

चॉकलेटासाठी ७० टक्के कोकोचे २०० ग्रॅम चॉकलेट लागते. ते गरम पाण्याच्या भांड्यावर दुसरे भांडे ठेवून वितळवावे आणि त्यात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नये, नाहीतर सगळे आळून त्याचा रवाळ गोळा होतो. नुसते वितळवून थंड केलेले चॉकलेट चार दिवसांत राखाडी पडते, कारण कोकोतील स्निग्धांश निरनिराळ्या प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकतो आणि चकाकी व कट्कन तुटणारा कडकपणा त्यांतील एकाच प्रकारात असतो. तो साधण्यासाठी चॉकलेट ४५ अंशांपर्यंत वितळवून, बाजूला ठेवलेला एकतृतीयांश चुरा त्यात ढवळून, २८ अंशांपर्यंत खाली आणायचे आणि पुन्हा ३१ अंशांपर्यंत किंचित वर न्यायचे. पुण्यात बहिणीने हेच एप्रिलमध्ये करून पाहिले तेव्हा खोलीतच ३८ अंश होते, आणि कोकोचे लोणी ३४ अंशांच्या आसपासच वितळते. तिचे चॉकलेट घट्ट कशाला होईल? ज्यांना इतका खटाटोप नको त्यांनी चॉकलेटात चमचाभर खोबरेल घालावे आणि वड्या फ्रीजमध्येच ठेवाव्यात. घाईत मीही तेच करते.

बाउंटी हा बार त्या मानाने फारच सोपा, कारण ती चॉकलेटात बुडवलेली नारळाची वडीच आहे. सुक्या खोबऱ्याचा कीस नारळाच्या घट्ट दुधात भिजवून वळला की झाले. ट्विक्सच्या बिस्किटाला ज्वारीचे पीठ आणि बदामाची पूड निम्मी निम्मी घेते. भाकरीच्या वेळी ज्वारीला चिकटपणा नाही म्हणून आपण उकड काढतो, पण बिस्किटात तोच दोष गुण ठरतो आणि ते छान भुसभुशीत होते. किटकॅट मला आजतागायत जमलेला नाही आणि यापुढे जमवण्याची इच्छाही नाही.

आता दुसरा प्रश्न. बाजारातला नेहमीच्या आकाराचा स्निकर्स सुमारे ५३ ग्रॅमचा असतो आणि त्यात २५० कॅलरी असतात. वर दिलेल्या प्रमाणाचा मी एकदा कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला, तेव्हा माझा तुकडा साधारण ४८ ग्रॅमचा आणि जवळजवळ २३० कॅलरींचा निघाला. म्हणजे जवळपास बरोबरी. शेंगदाणे, खजूर आणि कोको या तिन्ही वस्तू पोटभरीच्या आहेत आणि गहू-दूध काढल्याने त्या हलक्या होत नाहीत. फरक पडतो तो साखरेत: माझ्या तुकड्यात ती त्यांच्या निम्म्याच्या आसपास, १३-१४ ग्रॅम भरते, आणि तिच्यासोबत तीन-चार ग्रॅम तंतूही पोटात जातात. पण त्यातली बरीचशी साखर खजुराचीच असते, आणि मधुमेही माणसाने "खजुराचे आहे" म्हणून निर्धास्त होऊ नये. हॅलोविनच्या पिशवीतला इवलासा स्निकर्स तर ८० कॅलरींचाच असतो. मुलाने तो एक खाऊन हात झाडले असते तर माझ्या पौष्टिक वडीपेक्षा ते स्वस्तात पडले असते. हा हिशेब झाल्यापासून मी सोळाऐवजी चोवीस तुकडे पाडते. या एका सुधारणेने जितका फायदा झाला तितका कुठल्याही महागड्या घटकाने झालेला नाही.

डार्क चॉकलेटविषयीही दोन शब्द सांगते. घटकांत दूध नाही म्हणून ते दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला देऊ नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने घटकांत दूध न लिहिलेली ८८ डार्क चॉकलेटे तपासल्याचे २०१५ साली सांगितले, त्यांतील ५१ मध्ये दूध सापडले होते. माझ्या लेकीचा प्रश्न तत्त्वाचा आहे, जिवाचा नाही, म्हणून तिला अंशमात्र चालते. शिवाय २०२२ च्या अखेरीस कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेने तपासलेल्या २८ डार्क चॉकलेटांपैकी प्रत्येकात शिसे आणि कॅडमियम हे घातक धातू थोडेफार होते. त्यामुळे लहान मुलांना ही वडी रोजच्या डब्यात देण्याच्या मी विरुद्ध आहे, भले ती माझ्या हातची असो.

तेव्हा "तब्येतीला चांगले का?" याला माझे उत्तर असे, की माझ्या मुलाला ते सुरक्षित आहे, माझ्या लेकीला ते मान्य आहे, आणि तुम्हाला यांपैकी कुठलीच अडचण नसेल तर ते एक जरा कमी गोड पक्वान्न आहे. गहू पचणाऱ्या माणसाने ग्लुटेन सोडून काय मिळवायचे असते, हे मला अजून कुणी पटवून दिलेले नाही.

सासूबाईंचे मत मात्र वेगळे आहे. गेल्या खेपेस हॅलोविनच्या वड्या डब्यात शिल्लक होत्या आणि मागोमाग कार्तिकी एकादशी आली. राजगिरा, शेंगदाणे आणि खजूर यांबद्दल त्यांना शंका नव्हती. त्या अडल्या चॉकलेटापाशी. कोको झाडाला लागणाऱ्या फळाच्या बियांपासून होतो, असे नातवाने सांगितल्यावर त्यांनी क्षणभर विचार केला, मेपल सिरपही झाडाचेच ना याची खात्री करून घेतली, आणि दोन वड्या घेतल्या. "एकादशी अन् दुप्पट खाशी," असे मुलगा मराठीत पुटपुटला, तेव्हा त्यांनी तिसरी उचलून त्याच्या हातावर ठेवली.