त्याला आज ठसका लागला नाही

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा तालुक्यातल्या गावांमध्ये मी दिव्यांग मुलांच्या घरी जाऊन काम करते. त्या दिवशी सहा वर्षांच्या एका मुलाकडे पोचले, तेव्हा आजी त्याला मांडीवर आडवं घेऊन दुधात कुस्करलेली भाकरी भरवत होत्या. मान पार मागे पडलेली, घासागणिक ठसका. ‘आसाच खास तो, ताई,’ आजी म्हणाल्या; म्हणजे असाच खातो तो.

पोराला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर आणि तोलावर नीट ताबा राहत नाही. छाती सारखी भरते, दवाखान्यात न्यावं लागतं. तिथून औषधं मिळाली, व्यायामाचा कागदही मिळाला. जेवताना त्याला कसं धरायचं, हे मात्र कुणी दाखवलं नव्हतं. मला याचा फार राग येतो. मान मागे गेली की पातळ घास श्वासनलिकेत उतरू शकतो, आणि छाती भरायला तेवढं पुरतं.

आजींच्याच मांडीवर त्याला बसतं केलं. कंबर आणि गुडघे वाकवलेले, खांदे पुढे, हनुवटी किंचित खाली. भाकरी जरा घट्ट कालवली. चमचा वरून न आणता समोरून नेला, जिभेवर हलकेच दाबला आणि थांबले. ओठ मिटले. गळा हलला. पुढचे घास आजींनी दिले.

‘खोकलना नही वं!’ त्या सुनेला ओरडून सांगत होत्या.

पण रोज इतका वेळ धरून कोण बसणार? शेजारचे सुतारकाका दारातून बघत होते. मी खडूनं फरशीवर त्याच्यासाठी खुर्चीची आकृती काढली: पाठीला काटकोनात दोन फळ्या, म्हणजे खांदे पुढे राहतात, मांड्यांमध्ये खुंट, म्हणजे कात्रीसारखे एकमेकांवर चढणारे पाय सुटे राहतात. काकांनी मापं घेतली, शिवाय पायाखाली पाट हवा हे स्वतःच सांगितलं. पलीकडच्या गल्लीतल्या मुलीला चालायचे कठडेही असेच झाले, केळीला टेकू द्यायच्या बांबूंचे.

१९७८च्या प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या अल्मा-आटा परिषदेनंतर जागतिक आरोग्य संघटनेनं समुदायाधारित पुनर्वसनाचा, म्हणजे घरच्यांना आणि गावाला हाताशी धरून गावातच करायच्या कामाचा, आग्रह धरला तो याचसाठी. तज्ज्ञ शहरात असतो, मूल दिवसभर आजीजवळ असतं.

निघताना वडिलांनी विचारलं, ‘शाळेत घेतील का?’ घ्यावंच लागेल. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे. शाळेसाठी दुसरी खुर्ची काका करणार आहेत. वर्गाला दोन पायऱ्या आहेत, तिथल्या उताराचं सोमवारी मुख्याध्यापकांशी बोलायचंय.