आईचा उजवा कान

आईचा उजवा कान मी शाळेत होते तेव्हापासून वाहतोय. सकाळी उशीच्या अभ्र्यावर पिवळट डाग दिसायचा, आणि त्याला कुजका वास यायचा. सर्दी झाली की जास्तच. मग लसणीचं तेल, नाहीतर मेडिकलमधून आणलेले थेंब. आठ दिवस कोरडा, की परत तेच. "दुखत नाही गं, कशाला डॉक्टर?" असं ती म्हणायची आणि आम्ही ऐकून घ्यायचो. त्याचं मला आज फार वाईट वाटतं.

गेल्या दिवाळीत चकल्या तळताना ती ओट्यापाशी वळली आणि गरगरून खाली बसली. तेव्हा कुठे आम्ही साताऱ्याला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मायक्रोस्कोपखाली सक्शनने पू काढला आणि आतलं मला स्क्रीनवर दाखवलं. पडद्याच्या वरच्या बाजूला एक खळगा, आणि त्यात पांढरे पापुद्रे, लसणीच्या सालीसारखे, एकावर एक. "काकू, हा मळ नाही, ही कातडी आहे," ते म्हणाले. मग त्यांनी कानाच्या भोकापुढचा उंचवटा बोटाने दाबला. आईने खुर्चीचा हात घट्ट धरला, तिला तशीच भोवळ आली.

कोलेस्टिॲटोमा. योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये हे नाव दिलं, पण यात कोलेस्टेरॉलचा संबंध नाही आणि हा कॅन्सरही नाही. नाकामागून कानात जाणारी नळी नीट उघडत नसेल तर पडदा आत ओढला जातो आणि त्याचा खिसा तयार होतो. एरवी कानातली मेलेली कातडी हळूहळू बाहेर सरकते. खिशात ती अडकते, साचते, आणि आजूबाजूचं हाड खात जाते. सीटी स्कॅनमध्ये दिसलं की आईच्या कानातली ऐरण, म्हणजे तीन इवल्या हाडांतलं मधलं, जवळजवळ उरलंच नव्हतं. तोल सांभाळणाऱ्या नलिकेवरचं हाडही झिजलं होतं, म्हणून ती गरगर. असंच वाढत गेलं तर तोंड वाकडं होऊ शकतं, मेंदूपर्यंत पू जाऊ शकतो. थेंबांनी पू थांबतो, पण तो खिसा जात नाही. तो ऑपरेशननेच काढावा लागतो.

कानामागे चीर देऊन मास्टॉइडचं, म्हणजे कानामागच्या हाडाचं, ऑपरेशन झालं. भूल पूर्ण होती. बाहेर बसून आम्ही तीन तास काढले. पहिले काही दिवस चक्कर होती, मग ती गेली. ऐकू मात्र उजव्या बाजूने फारसं येत नाही. ते वाढेल असं डॉक्टरांनी आधीच कबूल केलं नव्हतं, कारण खिसा मुळापासून काढणं महत्त्वाचं होतं.

आता दर सहा महिन्यांनी आतली पोकळी साफ करून घ्यायची. न्हाताना व्हॅसलीन लावलेला कापूस कानात घालायचा, तो मी स्वतः घालते. तेल पूर्ण बंद. जेवताना मी तिच्या डाव्या बाजूला बसते. आणि चादरी बदलताना तिचा अभ्रा उलटा करून खिडकीपाशी नेऊन बघते. गेले पाच महिने तो कोरा आहे.