गणपतीला अठरा दिवस

कोल्हापूर, श्रावण वद्य प्रतिपदा

कालच नारळी पौर्णिमा झाली. कुंभार गल्लीत मूर्तींवर रंग चढायला लागलाय, तालमी-मंडळांच्या मांडवांचे बांबू रस्त्यात येऊन पडलेत. ऑटिझम असलेलं मूल ज्या घरात आहे तिथली तयारी मात्र वेगळी असते आणि ती आजच सुरू व्हायला हवी. मुलाच्या कानांवर आवाज अडवणारे इअरमफ टिकायला साधारण इतकेच दिवस लागतात, म्हणून हे लिहून ठेवते.

इअरमफ म्हणजे गाणी ऐकायचा हेडफोन नव्हे. शिरोलीच्या फाउंड्रीत कामगार घालतात तसे, आत स्पंज असलेले जाड कप. ते विसर्जनाच्या दिवशी पहिल्यांदा डोक्यावर चढवणं ही सर्रास होणारी चूक. आवाजानं मूल आधीच हैराण झालेलं, त्यात डोक्यावर पट्टीचा अनोळखी दाब. मूल ते भिरकावतं आणि घरचे म्हणतात, "त्याला ते चालतच नाहीत." म्हणून पहिले दोन दिवस ते नुसते खेळण्यांत पडू द्यावेत. मग आईनं, भावंडानं घालून दाखवावेत. नंतर घरात शांतता असताना मुलाला १० सेकंद, आणि त्यानं ओढून काढायच्या आधी आपणच काढायचे. दुसऱ्या दिवशी अर्धा मिनिट, मग एक मिनिट. आठवड्यानं आवडत्या खेळासोबत ५ मिनिटं जमली की स्वयंपाकघरात मिक्सर लावायचा, पण बटण कधी दाबायचं ते मुलानं सांगायचं. कधी सुरू होणार हे ठाऊक असलेला आवाज जास्त सोसवतो. कुठे अडलं तर एक पायरी मागं यायचं, दामटायचं नाही.

चांगल्या इअरमफच्या खोक्यावर २० ते ३० डेसिबल आवाज कमी होतो असं छापलेलं असतं. प्रत्यक्षात चष्म्याची काडी किंवा केसांची बट मध्ये आली तरी फट राहते आणि फरक कमी पडतो. शिवाय डॉल्बीचा ठोका कानातूनच येतो असं नाही, तो छातीतून आणि पायाखालच्या जमिनीतून येतो. त्याला इअरमफचा उपयोग फारसा नाही, तिथे अंतरच हवं. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबल उतरतो. विसर्जन मिरवणुकीच्या महाद्वार रोडवर दोन्ही बाजूंच्या भिंती आवाज परत फेकतात, त्यामुळे तिथे वीस पावलं मागं सरून काही साधत नाही. वळण घेऊन आतल्या बोळात जावं लागतं. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा आहे. मिरवणुकीत तिचं काय होतं ते इथं सगळ्यांना माहीत आहे. मिरवणुकीच्या वाटेवरच घर असेल तर त्या दिवसापुरतं मुलाला नातेवाइकांकडे हलवणं हा पळपुटेपणा नाही. फक्त ते घर त्याच्या ओळखीचं हवं, आणि एक रात्र आधी तिथं राहून झालेली हवी.

इअरमफ दिवसभर ठेवू नयेत, हेही सांगायला हवं. कान शांततेला सोकावले की नंतर साधी कुकरची शिट्टीसुद्धा टोचते.

हे सगळं कशासाठी? एकसारखा येणारा आवाज आपला मेंदू हळूहळू मागं टाकतो. पंखा लावून पाच मिनिटं झाली की तो ऐकू येईनासा होतो. ऑटिझम असलेल्या अनेकांत हे मागं टाकणं नीट होत नाही. पंखा, जुन्या चोकची ट्यूब, शेजारचा टीव्ही, उदबत्तीचा वास, शर्टाच्या कॉलरमागचं लेबल, सगळं एकदम आणि सारख्याच जोरानं येत राहतं. निदानाच्या निकषांत ही संवेदनांची बाजू स्पष्टपणे आली ती २०१३ साली, डीएसएम-५ या मानसिक निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेत. तोवर ती किरकोळ तक्रार समजली जायची. ऑटिझम असलेल्यांसाठी मराठीत वापरतात तो 'स्वमग्न' हा शब्द मला त्यामुळेच पटत नाही. स्वतःत बुडालेलं म्हणून नव्हे, तर बाहेरचं सगळं अंगावर येतंय म्हणून ते मूल कोपऱ्यात तोंड करून बसलेलं असतं. काही मुलांत हे उलटही असतं. संवेदना कमी पोचते, म्हणून ती गोल फिरतात, आदळतात, वस्तू हुंगतात. एकाच मुलाला आवाज जास्त आणि दुखणं कमी जाणवतंय, असंही दिसतं.

आता घरातलं. आरतीत ढोलापेक्षा झांज वाईट. तिचा आवाज तीक्ष्ण असतो, आणि बारा बाय दहाच्या खोलीत भिंतींवरून परत येतो. त्यावरचा उपाय साधा आहे, झांज मुलाच्याच हातात द्यायची. आपण स्वतः काढलेल्या आवाजाला मेंदू तयार असतो. तेही नको असेल तर मूल दाराजवळ उभं राहील, जाण्याची वाट मोकळी ठेवून. जितक्या आरत्या तितक्या चिठ्ठ्या भिंतीला लावाव्यात आणि एक संपली की एक काढावी. 'संपत आली रे' म्हणण्यापेक्षा उरलेल्या दोन चिठ्ठ्या जास्त धीर देतात.

आरास करायला दिवाणखान्यातलं सामान हलतं, आणि बऱ्याच मुलांचा पहिला स्फोट तिथंच होतो. सोफा एका दिवशी, कपाट दुसऱ्या दिवशी, असं करावं. मूर्ती येणार, राहणार आणि जाणार, हे तिन्ही कॅलेंडरवर चित्रानं दाखवावं. येणारा दिवस सगळे सांगतात. जाणारा दिवस सांगायचा राहतो आणि मग रिकाम्या पाटासमोर मूल तासभर रडतं. नवे कपडे तीन-चार वेळा धुऊन, खळ घालवून मगच द्यावेत. लेबल कात्रीनं कापलं तर उरलेला काठ जास्त टोचतो, शिवण उसवूनच काढावं.

पाहुण्यांचं प्रकरण मला सगळ्यात अवघड वाटतं, कारण तिथं माया असते. गालगुच्चा, पाठीवर थाप, "ओळखलंस का मला?", "एवढं तरी घेच की!" आपल्याकडं आग्रह म्हणजे आदर. पण त्या मुलाला हलका, अचानक झालेला स्पर्श घट्ट धरण्यापेक्षा जास्त झोंबतो, चेहरे ओळखणं अनेकांना खरंच जड जातं, आणि वरणाचा ओघळ भातात गेला की त्याच्या लेखी सगळं ताटच बदलतं. नातेवाइकांना आधीच फोन करावा: समोरून या, "मी सांगलीची आत्या" असं नाव सांगा, पाया पडायला त्याची मान वाकवू नका, न विचारता वाढू नका. कप्प्यांचं ताट घ्यावं. नवा पदार्थ ओळखीच्या पदार्थाशेजारी ठेवावा, त्यात लपवू मात्र नये. एकदा पोळीत भाजी सापडली की मूल पोळीही सोडतं.

आणि आपली बोली! निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. शब्द जसाच्या तसा घेणारं मूल मग दारात मामाची वाट बघत बसतं. "मामा त्याच्या घरी चालला, दिवाळीला परत येणार," असं सरळ सांगावं. एका वेळी एकच छोटं वाक्य बोलून मनात दहापर्यंत मोजावं. उत्तर आलं नाही तर तेच शब्द पुन्हा वापरावेत. शब्द बदलले की त्याची उकल पहिल्यापासून सुरू होते. "माझ्याकडं बघून बोल" हा हट्टही नको, अनेकांना बघणं आणि ऐकणं एकदम जमत नाही.

तरीही सगळं ओसंडून जाईल तेव्हा? आधी खुणा दिसतात: तोच प्रश्न परत परत, गुणगुणणं, येरझारा, कानांवर हात. तेव्हाच बाहेर न्यावं. एकदा सुटलं की समजावणं, दरडावणं, आमिष, कशाचाच उपयोग होत नाही. हट्ट हवी ती गोष्ट मिळाली की थांबतो, हे थांबत नाही. दिवा मंद करावा, माणसं कमी करावीत, बोलणं बंद ठेवावं, डोकं आपटणार नाही एवढं बघावं. कुणी मोबाइल काढला तर त्याला हाकलावं. शांत झाल्यावरही तासभर थकवा राहतो. तेव्हा पाणी द्यावं, उपदेश नको. काही मुलं ओरडत नाहीत, गप्प होतात, थिजतात. त्यांना "किती शहाणं बाळ" म्हटलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

विसर्जनाचं शेवटचं, पण ठळक अक्षरांत. गर्दीतून निसटणं आणि पाण्याची ओढ, या दोन गोष्टी अनेक मुलांत एकत्र असतात, आणि आपल्या गावात पंचगंगा, रंकाळा, कोटीतीर्थ असं पाणीच पाणी आहे. काठावर एका मोठ्या माणसाकडं दुसरं कुठलंच काम नको, मूर्ती धरायचं नको आणि फोटो काढायचंही नको. फोन नंबरची चिठ्ठी गळ्यात नको, ओढून काढतात. आतल्या खिशावर शिवून टाकावी. दिसेनासं झालं तर आधी पाण्याकडं धावायचं, नंतर पोलीस आणि ओळखीचे लोक. हाका मारल्यानं ते ओ देईलच असं नाही. आणि घरातून निघतानाच, दारात, त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढून ठेवायचा.