वाइन राहिली बाजूला, आधी सातबारा (माझा अनुभव)

जालन्याकडं आमच्या आजोबांची थॉमसन द्राक्षाची बाग होती. दुष्काळात वाळली, वडील नोकरीपायी पुण्याला गेले, रान बटईनं कापसाला. मी आणि भावानं ठरवलं परत द्राक्ष लावायची पण वाइनची, शिराझ आणि शेनिन ब्लाँ. लागवड, मांडव, शेततळं यावर मी काही लिहीत नाही, ते कडवंचीला, जालन्यातल्या द्राक्षाच्या गावाला, जाऊन बघा, तिथले शेतकरी माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

वाइन आपणच काढायची म्हणून वाइनरीची फाइल केली, अडलं ते तिथं. बँकेला पण सातबारा आमच्या नावावर पाहिजे आणि त्यावर अजून आजोबाच!

वारस नोंद तसं साधं काम. अर्ज, मृत्यू दाखला, प्रतिज्ञापत्र, तलाठी फेरफार (नाव बदलाची नोंद) धरतो, नोटीस निघते, १५ दिवसांत हरकत नाही आली की मंडळ अधिकारी मंजूर करतो. आमच्या सातबाऱ्यावर बापूराव, दाखल्यावर नुसतं बापू. तलाठी म्हणे दाखला दुरुस्त करून आणा. ग्रामपंचायतीत म्हणे रजिस्टरला जे आहे तेच देणार, तुम्ही सातबारा दुरुस्त करा. परत तलाठी, तर तो म्हणे मयत माणसाचं नाव मी कसं दुरुस्त करू? आणि हे ऐकायला तरी माणूस सापडला पाहिजे, सज्जा (तलाठ्याचं ऑफिस) उघडा असला तर सर्व्हर बंद, सर्व्हर चालू तर साहेब तहसीलला मीटिंगला. इकडं आत्याचा रोज फोन, "काय रं बाबा, झालं का न्हाई?" ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली तरी फेरफार आपला प्रलंबित.

शेवटी एका रिटायर्ड अव्वल कारकुनानं सांगितलं, 'बापूराव आणि बापू एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र करा, गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब जोडा, तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून खासरा पत्रकाची, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदीची, नक्कल काढा. दिलं सगळं. मंडळ अधिकारी काय म्हणावं? "हे आधीच का नाही आणलं?" मी गप बसलो, सही व्हायची होती ना.

अर्ज ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन टाका, नंबर मिळतो, मग कुणी 'तुमचा अर्जच नाही' म्हणू शकत नाही. वारसात आत्यांची नावं घाला, वगळायला सांगणारे लई भेटतील, ऐकू नका. त्यांना हिस्सा सोडायचाच असला तर नंतर रजिस्टर हक्कसोड होतं.

उत्पादन शुल्कचं लायसन त्यामानानं सरळ झालं. बरं, अजून एक, सातबारा नावावर आला तरी पिकाच्या रकान्यात कापूसच होता, ई-पीक पाहणी ॲपवर बांधावर उभं राहून द्राक्ष स्वतःच नोंदवा.